कागदी घोडे आणि रोलरवरचे घोडे

‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न गाडी घेण्याआधीचा. घेतल्यावर चार मित्रांत विचारला जातो तो वेगळाच: ‘पॉवर किती?’ ॲव्हरेजच्या आकड्यावर आपला विश्वास मुळातच कमी. कंपनीने 22 सांगितले की आपण मनातल्या मनात 16 धरतो. पॉवरचा आकडा मात्र आपण गाडीच्या लांबी-रुंदीइतकाच पक्का मानतो. ब्रोशरमध्ये 120 छापले म्हणजे बॉनेटखाली 120 घोडे, विषय संपला.

खरे तर विषय तिथे सुरू होतो. कुठे मोजले, कशावर मोजले, हवा कशी होती, इंजिनाला काय काय जोडलेले होते हे सांगितल्याशिवाय अश्वशक्तीच्या आकड्याला अर्थ नाही. तो मोजणाऱ्या यंत्राला म्हणतात डायनामोमीटर, गॅरेजच्या भाषेत डायनो. हे यंत्र काय सांगू शकते आणि त्याच्या तोंडी काय काय घातले गेले, याचा हा आढावा.

भाड्यासाठी ठरलेला घोडा

जेम्स वॉटपुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. वाफेचे इंजिन घेणारा गिरणीवाला तोवर घोडे जुंपून काम करत असे. त्याचे किती घोडे वाचणार यावर इंजिनाचे वार्षिक भाडे ठरे: घोड्यामागे 5 पौंड, लंडनमध्ये 6. तेव्हा एक घोडा किती काम करतो हे आधी ठरवणे आले. वॉटने मिनिटाला 33,000 फूट-पौंड धरले. साध्या घोड्याला दिवसभर हे झेपत नाही. पण घोडा असा तगडा धरल्यामुळे इंजिन कमी पडते म्हणायला गिऱ्हाइकाला जागा उरली नाही.

पुढे युरोपने मेट्रिक घोडा काढला: 75 किलो वजन सेकंदात 1 मीटर उचलणारा. वॉटचा घोडा 745.7 वॅटचा, हा 735.5 वॅटचा. म्हणून 100 पीएस म्हणजे 98.6 बीएचपी. आपल्याकडे दोन्ही आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. हा फरक दीड टक्क्याहूनही कमी आहे. खरा घोळ पुढे आहे.

लाकूड, पाणी, चुंबक

1821 साली गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या शाफ्टभोवती लाकडी ठोकळे आवळले, त्यांना लांब दांडी जोडली आणि तिच्या टोकाला वजन लावले. ठोकळे शाफ्टबरोबर फिरू पाहतात, वजन त्यांना अडवते. किती वजनाला दांडी स्थिर राहते त्यावरून टॉर्क कळतो. बीएचपीमधला ‘ब्रेक’ तो हाच. पण सगळी शक्ती घर्षणात जाऊन ठोकळे तापत, आणि जहाजांच्या मोठ्या इंजिनांपुढे हे चालण्यासारखे नव्हते. 1877 मध्ये विल्यम फ्रूडने पाण्याचा ब्रेक केला. त्यात पात्यांचे चाक पाणी घुसळते आणि त्या घुसळणीची ओढ बाहेरच्या कवचावर मोजता येते. एडी-करंट डायनोमध्ये पाण्याची जागा चुंबकीय क्षेत्राने घेतली.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. यंत्र मोजते टॉर्क आणि फेरे. पॉवर हा नंतरचा गुणाकार. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले 9549, की किलोवॅट मिळतात. पुण्याजवळ रांजणगावलाही तयार झालेले आणि स्विफ्टपासून पुंटोपर्यंत अनेक गाड्यांत बसलेले फियाटचे 1.3 लिटर मल्टिजेट घ्या. स्विफ्टमध्ये त्याचा आकडा 75 पीएस, तो 4000 आरपीएमला. 190 न्यूटन-मीटर टॉर्क 2000 आरपीएमला. त्या 2000 फेऱ्यांवर गुणाकार केला तर हाती येतात 54 पीएस. शहरात ही गाडी चालवणारा बहुतेक वेळ याच्या आसपास किंवा याहून खाली असतो. जाहिरातीतले 75 हे आलेखावरच्या एका बिंदूचे नाव आहे.

365 चे 235

मोजमापाच्या अटी बदलल्या की काय होते याचा नमुना अमेरिकेत सापडतो. 1970 ची कॅडिलॅक एल्डोराडो 8.2 लिटर इंजिनाची आणि 400 घोड्यांची होती. 1971 मध्ये कॉम्प्रेशन उतरवले आणि आकडा 365 झाला. ही घट खरी होती. 1972 मध्ये तेच इंजिन 235 चे झाले, आणि ही घट कागदावरची होती. तोवर तिथे ‘ग्रॉस’ पॉवर सांगत: इंजिन टेस्ट स्टँडवर उघडे, एअर क्लीनर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. 1972 पासून ‘नेट’ पॉवर सांगू लागले, म्हणजे गाडीत असते तसे सगळे जोडून मोजलेली. त्या काळातल्या मसल कारच्या आकड्यांशी आजच्या गाडीची तुलना करणारे हे विसरतात.

उलट्या बाजूचे खोटेही झाले. जपानी कंपन्यांनी 1989 च्या सुमारास 280 पीएसच्या वर कोणतीही गाडी जाहीर करायची नाही असा आपसात समझोता केला आणि तो 2004 पर्यंत पाळला. पाळला म्हणजे छापण्यापुरता. निस्सानची जीटी-आर कागदावर 280 ची राहिली आणि डायनोवर त्याहून जास्त दाखवत राहिली.

रोलरवर गाडी

इंजिन काढून टेस्ट बेडवर बसवणे हे कंपनीचे किंवा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचे काम. तिथे खोलीचे तापमान, इंधन, कूलंट सगळे ताब्यात असते. गॅरेजमधला डायनो गाडी आहे तशी घेतो. चाके रोलरवर चढवतात, पट्ट्यांनी गाडी जमिनीला आवळतात, समोर मोठा पंखा लावतात. टायरमधली हवा तपासतात. मग चौथा किंवा जो गिअर 1:1 च्या जवळ असेल तो टाकून कमी फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर तळाला दाबतात आणि रेडलाइनपर्यंत पाय हलवत नाहीत. टर्बो गाडी असेल तर आलेख आधी सपाट रेंगाळतो, मग एकदम वर उठतो. गाडी आवाजाने शेड दणाणून सोडते आणि काही सेकंदांत रन संपतो.

साध्या इनर्शिया डायनोत ब्रेकच नसतो. रोलरचे जडत्व ठाऊक असते. त्याला गाडीने किती झपाट्याने वेग दिला त्यावरून पॉवर काढतात. म्हणून त्याच गाडीला जड अलॉय व्हील बसवले की आकडा उतरतो, कारण थोडी शक्ती ती चाके फिरवण्यात गेली. इंजिन तेच असते. पट्टे जास्त आवळले, टायर रोलरमध्ये रुतला, तरी आकडा उतरतो. हब डायनोत चाकेच काढून यंत्र थेट हबला जोडतात, त्यामुळे टायरचा हा घोळ टळतो.

रोलरवर मिळते ती व्हील पॉवर. ब्रोशरमध्ये असते क्रँकवरची. मधल्या गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायरचा खर्च किती? गॅरेजमधले ठरलेले उत्तर: पंधरा टक्के. हे सोयीचे आहे, पण बरोबर नाही. ऑइल घुसळण्यासारखा काही खर्च पॉवरशी फारसा बांधलेला नसतो. 100 घोड्यांची गाडी ट्यून करून 200 ची केली, म्हणून गिअरबॉक्स 15 ऐवजी 30 घोडे गिळू लागत नाही. काही डायनो रन संपताच क्लच दाबून रोलरचा वेग कसा उतरतो ते पाहतात आणि त्यावरून तोटा काढतात. ही पद्धत अंदाजापेक्षा बरी. पण तेव्हा गिअरवर इंजिनाचा भार नसतो, त्यामुळे भाराखालचा तोटा तिला पूर्ण दिसत नाही.

हवेचा हिशेब

गरम, विरळ हवेत इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. म्हणून आकडा एका ठरावीक हवेवर आणून सांगतात. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-1349 मानकात ती 25 अंश तापमान आणि 99 किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब अशी आहे. मे महिन्यातली 38 अंशांची दुपार आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीचे पुणे धरले, तर साध्या पेट्रोल इंजिनाचा आकडा जवळपास दहा टक्क्यांनी वाढवावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘एसएई’ ऐवजी जुने ‘एसटीडी’ करेक्शन निवडले की आणखी तीनेक टक्के फुकट पदरात पडतात. टर्बो इंजिनात तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बूस्ट सांभाळून विरळ हवेची भरपाई बऱ्याच अंशी स्वतःच करते. त्यावर पुन्हा हेच दहा टक्के चढवले की छापले जातात ते निव्वळ कागदी घोडे.

मालकांनी पकडलेले आकडे

तरीही रोलरचे उपकार मोठे. तो गॅरेजपर्यंत पोचला आणि कंपन्यांचे आकडे पहिल्यांदा गिऱ्हाईक तपासू लागले. फोर्डची 1999 ची मस्टँग कोब्रा 320 घोड्यांची म्हणून विकली गेली. मालकांच्या डायनोवर तेवढे भरेनात, तेव्हा फोर्डने विक्री थांबवून इनटेक, एक्झॉस्ट आणि ईसीयूत दुरुस्त्या करून दिल्या. माझ्दाला 2001 च्या मियाटाचे 155 घोडे 142 वर आणून गाड्या परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. 2002 मध्ये ह्युंदाईने अमेरिकेतल्या तेरा लाखांहून अधिक गाड्यांचे आकडे फुगवल्याचे मान्य केले. 2005 च्या सुमारास एसएईने स्वतंत्र साक्षीदारासमोर मोजण्याची पद्धत आणली, तेव्हा टोयोटा कॅमरीच्या व्ही-6 चे 210 घोडे 190 झाले, तर शेव्हर्लेच्या कॉर्व्हेट झेड-06 चे उलट वाढून 505 भरले.

विजेच्या गाड्यांनी जुनाच प्रश्न नव्याने आणला. टेस्लाच्या पी-85-डीचे 691 घोडे ही दोन मोटरींची बेरीज होती. बॅटरी एका वेळी पुरवू शके ते 463. आणि 2015 मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगनच्या भानगडीने दाखवले, की आपली परीक्षा चालू आहे हे गाडीलाही कळू शकते. त्या डिझेल गाड्या रोलरवर स्वच्छ धूर सोडत आणि रस्त्यावर घाण.

मग तुलना कशी करायची?

दोन गावांतल्या दोन डायनोंवरचे आकडे शेजारी ठेवून कोणाची गाडी भारी हे ठरवू नये. तराजूला पासंग असला, तरी त्याच्यावर दोन पोती ओळीने तोलली तर जड कोणते ते कळतेच. डायनोचा प्रामाणिक उपयोग हा एवढाच, आणि तो थोडा नाही. गाडीची तुलना तिच्याच कालच्या रूपाशी करावी.

ईसीयूत बदल करून देणारा रीमॅपवाला ‘25 घोडे वाढले’ म्हणाला, तर दोन आलेख एकावर एक छापून मागावेत: आधीचा आणि नंतरचा, त्याच रोलरवरचा, त्याच गिअरमधला, त्याच दिवशीचा. करेक्शन कोणते लावले ते वाचावे. शिखरापेक्षा 1500 ते 3000 आरपीएममधला पट्टा बघावा, कारण वापर तिथला. आणि एकाच गाडीचे सलग दोन रनही एक-दोन टक्क्यांनी वेगळे येतात हे लक्षात ठेवावे. शंभर घोड्यांच्या गाडीत दोन घोडे वाढवणारा एअर फिल्टर या फरकातच बुडून जातो. तो घ्यायचाच असेल तर त्याच्यासकट तीन आणि त्याच्याविना तीन रन बघून घ्यावा.