चाचणीची मोटार कोणी निवडली?

वर्गातला एखादा मुलगा मोटारींचे मासिक उघडून विचारतो, "सर, ही गाडी ४.६ सेकंदांत ६० मैलांचा वेग घेते, ती ४.९ सेकंदांत. म्हणजे पहिलीच भारी ना?" उत्तर देण्यापूर्वी हे आकडे मिळवले कसे, ते पाहू या. दोन मोटारींची तुलना हा एक प्रयोगच असतो.

अमेरिकेतील 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाचा मार्च १९६४ चा अंक या बाबतीत प्रसिद्ध आहे. पाँटियॅकने आपल्या नव्या मोटारीला 'जीटीओ' हे नाव दिले होते, आणि ते होते इटलीतील फेरारीच्या शर्यतीच्या मोटारीचे. तेव्हा या दोन जीटीओंची तुलना करायचे मासिकाने ठरवले. मुखपृष्ठावर दोघी धावताना दिसतात खऱ्या, पण ते रंगवलेले चित्र आहे, छायाचित्र नव्हे. चाचणीसाठी फेरारी मिळालीच नव्हती! प्रत्यक्षात धावली ती पाँटियॅक. फेरारीशी तुलना झाली कागदावर. पाँटियॅकने शून्यापासून ताशी ६० मैल (सुमारे ९७ किमी) वेग ४.६ सेकंदांत गाठल्याचे छापून आले. त्या काळात, तसल्या मोटारीसाठी, हा आकडा थक्क करणारा होता.

त्याचे रहस्य पुढे उलगडले. दुकानात मिळणाऱ्या जीटीओमध्ये ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन असे. मासिकाला दिलेल्या मोटारीत मात्र ४२१ घनइंचांचे, ६.९ लिटरचे इंजिन बसवले होते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पाँटियॅकच्या जाहिरातींचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनीच नंतर ही गोष्ट उघड केली. घड्याळ बरोबर, मोजणीही प्रामाणिक. पण मोजले ते भलत्याच मोटारीला. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हा धोका चांगला ठाऊक असतो. कारखानदाराने स्वतः निवडून पाठवलेला नमुना तपासला, तर 'हे निष्कर्ष आमच्याकडे आलेल्या नमुन्यापुरतेच' अशी ओळ आम्ही अहवालात न विसरता घालतो. मासिकांत ही ओळ क्वचितच आढळते.

आता घड्याळाकडे वळू. अमेरिकेत धावपट्टीवरील शर्यतींमध्ये प्रकाशाचा किरण पुढच्या चाकाने अडवलेला असतो. चाक पुढे सरकून किरण मोकळा झाला, की वेळ मोजायला सुरुवात होते. तोवर मोटार सुमारे एक फूट पुढे गेलेली असते! अमेरिकी मासिकांनी हीच पद्धत उचलली. युरोपात पुष्कळदा मोटार हलल्या क्षणापासून मोजतात. या एका फुटाने कितीसा फरक पडणार? नववीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. अंतर ०.३ मीटर आणि त्वरण ५ मीटर प्रति सेकंद वर्ग मानले, तर अंतर = ½ × त्वरण × काळाचा वर्ग या सूत्रावरून काळ येतो सुमारे ०.३५ सेकंद. त्या क्षणी मोटारीचा वेग ताशी सहा किलोमीटरच्या वर असतो, म्हणजे 'शून्यापासून' हा शब्दच खरा नाही. आपल्या विद्यार्थ्याला दिसलेला ०.३ सेकंदाचा फरक दोन मोटारींमधला नसून दोन पद्धतींमधलाही असू शकेल.

हवाही यात लुडबुड करते. दाब तोच असताना १० अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा ४० अंशांची हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते. साध्या इंजिनात मग प्राणवायू तितकाच कमी जातो आणि शक्ती घटते. हवा दाबून आत भरणाऱ्या टर्बोचार्जरच्या इंजिनाला हा फटका कमी बसतो. म्हणून थंडीत जिंकलेली मोटार उन्हाळ्यात हरू शकते. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी आकड्यांना दुरुस्तीचे सूत्र लावतात. पण साध्या इंजिनासाठीचे सूत्र टर्बोलाही लावले, तर तिच्या पदरात फुकटचे माप पडते. वाऱ्याचा परिणाम घालवणे त्या मानाने सोपे: दोन्ही दिशांनी पळवून सरासरी घ्यायची.

नमुन्याचा प्रश्न सोडवायला मात्र पैसा लागतो. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्‌स' हे मासिक आपली ओळख न देता विक्रेत्याकडून मोटार विकत घेते आणि जाहिराती छापत नाही. महागड्या वेगवान मोटारींच्या बाबतीत हे सर्वांना परवडणारे नाही, म्हणून कंपनीने पाठवलेल्या मोटारींवरच बहुतेकांचे काम चालते.

हा प्रयोग शाळेतही करता येतो. एक फळी तिरपी ठेवून आम्ही मुलांना खेळण्यातल्या मोटारी घरून आणायला सांगितल्या. एकाच दुकानातल्या, एकाच जातीच्या दोन मोटारी. प्रत्येकी दहा वेळा सोडल्या, जागा आलटून पालटून. एक मोटार दहाही वेळा पुढे! उलटी करून पाहिली, तर आसाला शिवणयंत्राचे तेल लावलेले. मालक शांतपणे म्हणाला, "तेल लावायचं नाही असं कुठं सांगितलं होतं, सर?"