कुटुंबाचें वस्त्र
नायजेरियांतील योरुबा लोकांच्या लग्नास जावयाचें झाल्यास पाहुण्यानें कापडाच्या दुकानांत शिरण्यापूर्वीं यजमानांस विचारावें. तेथें घरचीं माणसें आधींच एक कापड ठरवितात. त्यास ‘अशो एबी’, म्हणजे कुटुंबाचें वस्त्र, म्हणतात. आप्तइष्ट तेंच कापड घेऊन आपापल्या शिंप्याकडून निरनिराळे पोशाख शिववितात. कित्येकदां हें कापड मेणछापाचें असतें. जावांतील बाटिकच्या धर्तीवर डच कारखानदारांनीं १९व्या शतकांत तें यंत्रानें काढिलें, व पश्चिम आफ्रिकेनें तें आपलेंसें केलें. मात्र ठरविलेलें कापड महाग असलें तर गरीब आप्तांची ओढाताण होते. ज्यास तें झेपत नाहीं, त्यानें त्याच रंगाचें साधें वस्त्र घालून निःसंकोच जावें, असें आम्हांस वाटतें. सर्वांचें वस्त्र एक असतें तें आपलेपणासाठीं. कोणास परकें ठरविण्यासाठीं नव्हे.