ऊर्जेची बचत : आरंभ आराखड्यापासून

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. अशा इमारतीचा आराखडा काही महिन्यांत तयार होतो. तीत राहणाऱ्या कुटुंबांना मात्र विजेचे देयक पुढे अनेक दशके भरावयाचे असते. म्हणूनच ऊर्जेच्या बचतीचा विचार आराखड्याच्या वेळीच होणे अगत्याचे आहे.

सर्वसाधारणपणे वास्तुशिल्पज्ञ नकाशा काढतो, स्थापत्य अभियंता सांगाडा ठरवितो आणि विद्युत व वातानुकूलन तज्ज्ञांना अखेरीस पाचारण केले जाते. तोवर भिंतींची दिशा आणि खिडक्यांची जागा निश्चित झालेली असते. एकात्मिक रचनेत ही सर्व मंडळी पहिल्या रेखाटनापासून एकत्र बसतात. याचा लाभ साखळीसारखा मिळत जातो. खिडकीवर योग्य छज्जा आला की खोलीत शिरणारी उष्णता घटते. उष्णता घटली की लहान वातानुकूलन यंत्र पुरते. यंत्र लहान झाले की विद्युतभारही उतरतो. छज्ज्याचा खर्च असा काही अंशी अन्यत्र भरून निघतो.

मुंबईच्या उष्ण व दमट हवेत वारा हा मोठा आधार होय. परंतु समुद्रावरील वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारनंतरचे प्रखर ऊनही पश्चिमेचेच. दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरतो, कारण माध्यान्हीचा सूर्य उंचावर असतो. पश्चिमेचा उतरता सूर्य मात्र छज्ज्याखालून आत येतो. हा पेच वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांनी दक्षिण मुंबईतील, १९८३ साली पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या इमारतीत सोडविला. जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचे तत्त्व घेऊन त्यांनी खोल, सावलीच्या गच्च्या योजिल्या. वारा आत येतो, ऊन-पावसाचा मारा बाहेरच थोपतो. अशी गच्ची मागाहून जोडता येत नाही. सांगाड्यातच तिची तरतूद लागते.

उपनगरांतील पवई येथेही या दिशेने प्रयत्न झाला आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी रचना संसदेच्या वास्तुकला विद्यार्थ्यांसमवेत ‘टीम शून्य’ स्थापून एक सौरघर उभारले. ते २०१४ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे ‘सोलर डिकॅथलॉन युरोप’ या स्पर्धेत मांडण्यात आले. आधी घराची गरज कमी करावी, मग उरलेली सूर्यशक्तीने भागवावी, हा अशा घरांच्या रचनेचा क्रम असतो.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’नुसार उष्ण व दमट प्रदेशातील सदनिकांत उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान एक-षष्ठांश असावे, म्हणजे ४०० चौरस फुटांच्या घरास सुमारे ६७ चौरस फूट.

शाळा असो वा पंचायतीची कचेरी, नकाशास मान्यता देण्यापूर्वी ऊन कोठून येईल आणि वारा कोठून वाहील, हे सर्व तज्ज्ञांना एकत्र बसवून विचारावे. त्या एका बैठकीस खर्च थोडा आणि लाभ दीर्घकाळचा आहे.