शेताचे अमृत, पोवळ्याचे विष

वाशीमच्या शेतकऱ्याला १८:४६ छापलेली डीएपीची गोणी ओळखीची आहे. त्यातील फॉस्फेटने सोयाबीनची मुळे जोम धरतात. पण तेच पावसाने तळ्यात वाहून गेले की पाणी शेवाळाने हिरवे होते.

खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत पोवळी पाळणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. तेथे फॉस्फेट माशांच्या उरलेल्या खाद्यातून व विष्ठेतून येते. मग शेवाळ पोवळ्यांना झाकते, त्यांचा चुनखडीचा सांगाडाही नीट वाढत नाही. म्हणून लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत ते ठेवतात. त्यासाठी खाद्य मोजके घालावे, थोडे पाणी नियमित बदलावे, गाळणीत लोह-ऑक्साइडचे दाणे ठेवावेत. मात्र शून्य नको. पोवळ्यालाही ते किंचित लागतेच.

काचपेटीचे पाणी बदलता येते, गावतळ्याचे नाही. तेव्हा खत बांधाच्या आतच अडवले पाहिजे.