जे गेलं, ते परत द्या

आज बोलूया शरीरातला रक्ताचा साठा कमी होतो तेव्हा काय होतं, त्याबद्दल.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातला निम्म्याहून जास्त भाग पातळ प्लाझ्मा, आणि प्लाझ्मा म्हणजे मुख्यतः पाणी. त्यामुळे जखमेतून रक्त गेलं काय, किंवा जुलाब-उलट्यांतून पाणी गेलं काय, रक्तवाहिन्यांतला साठा घटतोच. मग नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, उभं राहिलं की गरगरतं. इथे एक फसगत होते बघा. रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे ब्लड प्रेशर बराच वेळ ठीक दिसतं. ते उतरतं तोवर उशीर झालेला असतो.

उपचाराचं सूत्र एकच: गळती थांबवा आणि जे गेलं ते परत द्या. रक्तस्राव असेल तर जखम घट्ट दाबून धरायची आणि तातडीने रुग्णालय गाठायचं. जास्त रक्त गेलं असेल तर तिथे रक्त चढवतात. पण जुलाब असतील तर?

१९७१ साल. बांगलादेशचा मुक्तिसंग्राम चालू होता. पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मिसळून ते ड्रममध्ये भरलं. नातेवाईकच ते रुग्णांना पाजायचे. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

तुम्ही म्हणाल, यात साखर कशाला? तर, कॉलऱ्यातही आतडं ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत ओढत असतं आणि त्यांच्यामागून पाणी रक्तात जातं. साखर फार झाली तर मात्र उलटं होतं, जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक नको.

ओआरएसचं पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याचमच्याने द्या. गुंगी आली, पिता येईना किंवा लघवी बंद झाली, तर सलाइनच लागतं. लगेच दवाखाना गाठा.

"जुलाब लागलेत, पाणी देऊ नका" असं सांगणारं कुणीतरी अजूनही घरात असतं. त्यांना बनगावची ही गोष्ट जरूर सांगा.