नियम कोणाच्या कुलपात?

डॉक्टरांना उपचारात सल्ला देणारी संगणकप्रणाली म्हटलं की डोळ्यांपुढे चकचकीत पडदा येतो, आणि हल्ली तर लगेच एआय. पश्चिम केनियात, एल्डोरेटच्या परिसरातल्या एचआयव्ही दवाखान्यात हा सल्ला आला तो छापील पानावर. रुग्णाच्या नोंदींवरून संगणकाने काढलेला गोषवारा, आणि त्यावर एक आठवण : सीडी४ तपासणीची (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींच्या मोजणीची) मुदत उलटली आहे. २०११ साली या प्रयोगाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुदत उलटलेल्या रुग्णांना तपासणी लिहून देण्याचं प्रमाण असं पान हाती पडणाऱ्या दवाखान्यात ५३ टक्के होतं, आठवण न मिळणाऱ्या दवाखान्यात ३८ टक्के.

‘निर्णय यंत्र घेतं’ हा समज याच आकड्यांपुढे टिकत नाही. आठवण छापून आली तरी जवळपास निम्म्या वेळा तपासणी लिहिली गेलीच नाही. कधी दुर्लक्ष झालं असेल, कधी तपासणी झालेली असून तिची नोंद संगणकात चढायची राहिली असेल. पान फक्त सुचवतं, सही डॉक्टरांचीच.

या पानामागे होती ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची खुली प्रणाली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या रीजेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट आणि पार्टनर्स इन हेल्थ या संस्थांच्या मंडळींनी ती आकाराला आणायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये एल्डोरेटला ती चालू झाली. आज केनियाची ‘केनियाईएमआर’ ही नोंदप्रणाली तिच्यावरच उभी आहे.

आता ‘खुली’ या शब्दाकडे. प्रणाली खुली म्हणजे आपले रिपोर्ट चव्हाट्यावर, ही भीती मी शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडूनही ऐकली आहे. खुला असतो तो प्रोग्रॅम. मसाल्याची कृती दिवाळी अंकात छापून आली म्हणून कुणाच्या फडताळातली बरणी उघडी पडत नाही. रुग्णांच्या नोंदी दवाखान्याच्या किंवा सरकारच्या सर्व्हरवर, पासवर्डामागे राहतात. तो पासवर्ड टेबलावरच्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला असेल, तर मात्र खुली काय नि बंद काय, कोणतीच प्रणाली वाचवणार नाही.

खरा मुद्दा सल्ल्यामागच्या नियमांचा आहे. एचआयव्हीवरचं औषध कधी सुरू करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत २०१० मध्ये सीडी४ची मर्यादा ३५० होती. २०१३ मध्ये ती ५०० झाली. २०१५ मध्ये मर्यादाच गेली : निदान झालं की औषध. पाच वर्षांत एकच नियम एकदा बदलला आणि शेवटी पुसायचा झाला. तो कंपनीच्या बंद प्रोग्रॅममध्ये अडकलेला असेल, तर आरोग्य खात्याने पत्र पाठवायचं, कोटेशनची वाट पाहायची, आणि तोवर शेकडो दवाखान्यांत जुनाच सल्ला छापत राहायचा. नियम खुला असला की खात्यातला डॉक्टर तो वाचू शकतो, ‘हा ३५० इथे कशाला?’ असं विचारू शकतो, एका ठिकाणी दुरुस्त करून सगळीकडे पाठवू शकतो. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘स्मार्ट गाइडलाइन्स’ पुढे आणल्या त्या यासाठीच : मार्गदर्शक सूचना पीडीएफमध्ये न थांबता संगणकाला कळतील अशा नियमांपर्यंत पोचाव्यात.

पण नियम बरोबर असून भागत नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन ७ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय. समजा, एका प्रयोगशाळेने तेच मोजमाप ग्रॅम प्रति लिटरमध्ये पाठवलं. ६.५ चे झाले ६५. प्रणाली ६५ ची ७ शी तुलना करते, ‘ठीक’ म्हणते, आणि बाई घरी जाते. म्हणून ओपनएमआरएसमध्ये प्रत्येक लक्षण, तपासणी, औषध यांचा सामाईक शब्दकोश असतो आणि मोजमापाचं एककही त्यातच ठरतं. हे काम कंटाळवाणं आहे, उद्घाटनाच्या फोटोत ते दिसत नाही, पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो यालाच.

आणि खर्च. लायसन्सला पैसे पडत नाहीत, एवढ्यावर ‘फुकट’चा शिक्का बसतो. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, ठीक. पण तिला चारा लागतोच. सर्व्हर, वीज, नोंदी भरणारी माणसं, नर्सचं प्रशिक्षण, रात्री बंद पडलेली यंत्रणा सकाळी ओपीडी उघडायच्या आत उठवणारा एक तरी माणूस. विदर्भाला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात ओपनएमआरएसवर बेतलेली ‘बाह्मनी’ ही प्रणाली रुजली. तिथे नोंदींच्या जोडीला प्रयोगशाळा आणि बिलं यांच्यासाठीही वेगवेगळे खुले प्रोग्रॅम एकत्र बांधावे लागले. ते बांधणाऱ्यांचे पगार कुणीतरी दिलेच होते.

सूचना जितक्या जास्त तितकं चांगलं, असंही काहींना वाटतं. ओपीडीच्या गर्दीत प्रत्येक रुग्णामागे पडद्यावर सूचनांच्या चार-चार चौकटी उघडू लागल्या की बोट आपोआप ‘ओके’वर जातं, न वाचता. त्यात पाचवी चौकट ६.५ हिमोग्लोबिनची असली, तरी तिच्यावरही तेच बोट पडतं.