बादलीला मिळालेले बक्षीस

प्लॅस्टिकची बादली आता घरोघर असते. फुटली की टाकून देतो, बाजारातून दुसरी आणतो. अशा बादलीला कुणी मानाचं बक्षीस देईल, असं आपल्याला वाटेल का? इटलीत ते दिलं गेलं. तिथला ‘कंपासो दोरो’, म्हणजे सोन्याचा कंपास, हा पुरस्कार 1955 साली एका झाकणाच्या बादलीला मिळाला. तिची आखणी जीनो कोलोंबिनी यांची, आणि कारखाना मिलानचा ‘कार्टेल’.

हा कारखाना 1949 साली काढला ज्यूलिओ कास्तेल्ली यांनी. ते रसायन-अभियंते. त्यांचे गुरू ज्यूलिओ नात्ता यांना प्लॅस्टिकच्या रसायनातील शोधांबद्दल 1963 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या काळी प्लॅस्टिक म्हणजे लाकडाची किंवा पत्र्याची स्वस्त नक्कल, असा समज होता. कास्तेल्लींनी नक्कल सोडून दिली आणि या पदार्थाला शोभेल असं रूप शोधायला घेतलं.

आता हे काम कसं चालतं पाहा. पोलादी साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबानं भरतात. थंड झालं की वस्तू तयार. सुताराची एक खुर्ची बिघडली तर तो दुसरी सुधारून करतो. साच्यातली चूक मात्र हजारो खुर्च्यांत उतरते. म्हणून सगळा विचार आधीच करावा लागतो. मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर या दोघांनी लहान मुलांच्या खुर्चीवर काही वर्षं खर्च केली, तेव्हा 1964 साली ती बाजारात आली. हलकी, धुता येणारी, एकीवर एक रचता येणारी. मुलं तिचे मनोरेही रचीत. मूल खुर्चीवर नुसतं बसत नाही, हे शिक्षकांना काय सांगावं!

कास्तेल्लींच्या पत्नी आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी या वास्तुशिल्पी. त्यांनी आखलेले, खिळ्या-स्क्रूंवाचून एकावर एक बसणारे गोल कप्पे 1969 पासून आजही निघतात.

कास्तेल्ली 2006 साली वारले. प्लॅस्टिक कुजत नाही, हा त्याचा मोठा दोष आज शेताच्या बांधावर, ओढ्यात आपण पाहतोच. मग जी वस्तू कुजणार नाही, ती निदान पन्नास वर्षं वापरावीशी वाटेल अशी घडवायला नको का? बादली घडवतानाही एवढा विचार करावा, हाच कास्तेल्लींचा वारसा.